चार नंबरची बिजागरी

परत आलेल्या मालाच्या काउंटरवर एक घडीची शिडी आडवी टाकली होती आणि तिच्या डोक्याशी बिजागरी तुटलेली होती, बस, एवढंच. मर्व्हिन टिलब्रुक नळाचे वायसर घ्यायला आला होता. शनिवारची सकाळ होती. दुकानाच्या दाराशी कुठल्याशा फुटबॉल क्लबाची मंडळी सॉसेज भाजत उभी होती आणि कांद्याचा वास पार आत रंगाच्या डब्यांपर्यंत पोचला होता. वायसर हातात होते. पैसे देऊन चालू पडला असता तर हाही शनिवार बाकीच्या शनिवारांसारखा गेला असता. पण ज्या माणसाने एक्केचाळीस वर्षं तुटक्या वस्तू बघण्याचाच पगार खाल्ला, त्याचे डोळे तुटक्या वस्तूवरून सरळ पुढे जातील कसे? शिडी परत करायला आलेली बाई तावातावाने सांगत होती, "तिसऱ्या पायरीवर होता माझा नवरा. तिसऱ्या! कट्‌ आवाज आला आणि हा खाली. मनगटाचे दोन तुकडे. नशीब म्हणायचं, खाली हिरवळ होती." काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाली, "हिरवळीवर ठेवायची नसते पण. स्टिकरवर लिहिलंय." "मग तू ये तुझा स्टिकर घेऊन आणि त्याला वाचून दाखव," बाई म्हणाली. मर्व्हिन पुढे झाला. "जरा बघू का?"

त्याने बिजागरीचा तुकडा उलटा करून तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं. काच घातलेलं नायलॉन इमानाने तुटलं, तर तुटलेल्या तोंडावर दोन दिवसांच्या दाढीसारखे खुंट उभे राहतात. काचेचे बारीक तंतू एका अंगातून उपटून निघतात, दुसऱ्या अंगात भोकं ठेवून जातात. अंगठा फिरवला की खरखर लागते. म्हणजे त्या वस्तूने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं, वजनच झेपलं नाही, तिला बोल लावता येत नाही. हे तोंड गुळगुळीत होतं. त्याने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. इकडचा एक तंतू तिकडे गेलेला नव्हता. आणि आतल्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढा, उठावाचा आकडा होता: चार. "तुम्ही त्या कंपनीचे का हो?" बाईने विचारलं. "छे छे," मर्व्हिन म्हणाला, "सहज बघितलं." तुकडा त्याने अगदी हळू, काच ठेवावी तसा, काउंटरवर ठेवला. वायसरचे पैसे दिले. पोरीला 'दिवस चांगला जावो' असंही म्हणाला. गाडीत येऊन बसेपर्यंत ते 'छे छे' त्याच्या कानात वाजत होतं. एवढ्या सहज नाही म्हणता येतं, हे त्याला त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं.

मार्च अर्धा सरला तरी अ‍ॅडलेडचं ऊन हटायला तयार नव्हतं. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला. तो तसाच बसून राहिला. पहिला विचार डेलचा आला, आणि खरं सांगायचं तर दुसरा विचार आलाच नाही. डेल, त्याचा एकुलता एक मुलगा, साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला रॉक्सबीला खाणीवर इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या गाडीच्या शेडमध्ये अशीच शिडी उभी होती. तोच मेक, तेवढ्याच सात पायऱ्या. ती चौदा महिन्यांपूर्वी मर्व्हिननेच गाडीच्या टपावर बांधून नेऊन दिली होती. फोन शर्टाच्या खिशात होता. लावायचा आणि सांगायचं, त्या शिडीवर पाय ठेवू नकोस. पाच शब्दांचं काम. पण डेल विचारणार, का? आणि त्या 'का'ला उत्तर द्यायचं तर पाच शब्द पुरणार नव्हते. घरी जाऊन करू, असं त्याने ठरवलं. उन्हात माणसाचं डोकं चालत नाही, हे कारणही त्याला लगेच सापडलं. कारणं शोधायला कधी वेळ लागत नाही.

त्या काच घातलेल्या नायलॉनवर त्याचं प्रेम होतं, उगाच कशाला नाही म्हणा. गाड्यांचे कारखाने इथे जोरात होते तेव्हा त्याने त्याच मालातून रेडिएटरच्या टाक्या काढल्या होत्या. उकळतं पाणी वर्षानुवर्षं पोटात घेऊन बसायच्या. ड्रिलच्या मुठी, ऑफिसच्या खुर्चीखालचे पाच पायांचे तळ, तलावाच्या पंपाचे पंखे, कुंपणाच्या तारेचे चिमटे. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हातात दोन पट्ट्या द्यायचा, एक साध्या नायलॉनची आणि एक तीस टक्के काचेची. "वाकवा," म्हणायचा. साधी पट्टी लाजल्यासारखी वाकायची. दुसरी वाकायची नाही, पोरांची बोटं लाल व्हायची. "लोखंडाला गंज, अ‍ॅल्युमिनियमला भाव. याला दोन्ही नाही. निम्म्या वजनात काम करतं आणि तक्रार करत नाही," असं तो सांगायचा, आणि ग्लेनिस, त्याची बायको, एकदा कारखान्याच्या पार्टीत हे ऐकून म्हणाली होती, "माझ्याबद्दल कधी एवढं बोलला नाहीस रे." सगळे हसले होते. तोही हसला होता. मग पोरांना तो खोडी सांगायचा. काच दिशा पाळते. वितळलेला रस जिकडे वाहतो त्या दिशेला तंतू निजतात. वाहण्याच्या दिशेला ओढाल तर बैल, आडवं ओढाल तर वासरू. आणि दुसरं, पाणी. साच्यात जाताना दाणे ठणठणीत सुके हवेत, ओलसर गेले तर मालाच्या अंगावर रुपेरी फराटे उठतात आणि आतून सगळं पोकळ. पण साच्यातून बाहेर पडलं की त्यालाच पाणी हवं असतं. हवेतलं पाणी हळूहळू पितं आणि मग चिवट होतं. सुकं राहिलं तर ताठ, पण ठिसूळ. हे सगळं तो पोरांना इतकं तोंडपाठ सांगायचा, की तेच कधी स्वतःला ऐकवावं लागेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

घरी आला. पंखा लावला. वायसर टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसला. शिडीची ती बिजागरी त्याच्याच कारखान्यात पडायची, आणि तिचा साचा चार घरांचा होता. एका दाबात चार नग पडायचे, एक ते चार आकडे अंगावर घेऊन. काच घासून घासून पोलाद खाते, आणि चौथ्या घराचं तोंड, म्हणजे रस आत शिरतो ते भोक, असंच खाऊन मोठं झालं होतं. दुरुस्तीला साचा तीन आठवडे बाहेर गेला असता. मालक रेनाटो म्हणाला, "तोंड पलीकडच्या बाजूने पाडू. भोक ते भोक. रसाला काय कळतंय?" पाडलं. रस आता उलट बाजूने शिरायला लागला, खिळ्याच्या भोकाला वळसा घालताना दोन्हीकडून फुटायचा आणि पलीकडे पुन्हा मिळायचा. मिळायचा म्हणजे काय, दोन गरम तोंडं एकमेकांना टेकायची. रंगाने एक, चमकेने एक, बघणाऱ्याला एक. पण त्या रेषेवर तंतू इकडचे तिकडे जात नाहीत, दोन्हीकडचे रेषेला समांतर निजतात. अशी रेषा प्रत्येक भोकामागे येतेच, त्यात गुन्हा नाही. पूर्वी ती येत होती जिथे भार नव्हता. आता ती आली बरोबर जिथे माणसाचं वजन येतं तिथे. मशीनवरच्या फुओंगने ती पहिल्याच दिवशी दाखवली होती. नग उजेडात तिरका धरून म्हणाली, "मर्व्ह, केस बघ इथे." केसासारखीच होती. "बघितली," तो म्हणाला. "बघितली ना? मग मी घरी सुखाने जाते," फुओंग म्हणाली आणि खरंच गेली. आपण दाखवलं, मर्व्हने बघितलं, म्हणजे झालं. सगळा कारखाना त्याच्यावर असाच निर्धास्त होता.

त्याने चार नंबरच्या वीस नगांवर वजन टाकून बघितलं. ताजे, सुके. तीन फुटले, तिन्ही केसावर. रेनाटो त्याच्या टेबलाशी उभा राहून सफरचंद खात होता. "सुके कशाला तपासतोस?" तो म्हणाला. "कागद वाच. पाणी पाजून तपासायचे असं लिहिलंय. नियमाने जा ना, तुलाच नियम आवडतात." आणि कागदावर तसं होतंच. सगळी दुनिया तशीच तपासते. कारखान्यात त्यासाठी चहाचा एक जुना बंब होता, चहाच्या खोलीतून निवृत्त झालेला. त्यात नग उकळत ठेवायचे, म्हणजे हवेतून वर्षभरात पितील ते पाणी दोन दिवसांत पितात. मर्व्हिनने वीस नग दोन दिवस उकळले. बंबाला अजून चहाचा वास यायचा. मग वजन टाकलं. एकही फुटला नाही. धप्प आवाज येऊन वजन उडायचं आणि नग जागच्या जागी. वीसच्या वीस. त्याने कागदावर सही केली, खाली तारीख घातली. नियमाने बघाल तर बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट त्या कागदावर नव्हती आणि ती त्याला ठाऊक होती: ही शिडी ज्या मुलखात विकली जाणार त्यातला अर्धा मुलूख असा आहे, की तिथल्या हवेत प्यायला पाणीच नाही. तिथे बिजागरी कारखान्यातून जशी सुकी निघाली तशीच सुकी राहणार. उलट असेल नसेल तेवढंही उन्हाने शोषून घेणार. आणि सुकी बिजागरी विसातून तीन वेळा फुटते. सही करताना हे त्याच्या डोक्यात होतं का? होतं. अगदी सही करताना? हो, अगदी सही करताना. स्वयंपाकघरात बसून त्याने स्वतःला हा प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

त्याने रेनाटोला फोन लावला. रेनाटो नातवाच्या बारशाच्या गडबडीत होता, मागे भांड्यांचा आणि इटालियन म्हाताऱ्यांचा कालवा चालला होता. "एक शिडी," तो म्हणाला. "मर्व्ह, हजारो शिड्या गेल्या, एक तुटली. हिरवळीवर ठेवली होती म्हणतोस ना? झालं तर मग." मर्व्हिन म्हणाला, "तोंड गुळगुळीत होतं, रेनाटो." पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि कालवा बंद झाला. त्यालाही गुळगुळीत म्हणजे काय ते कळत होतं, तोही साच्यावरच म्हातारा झाला होता. मग तो अगदी प्रेमाने म्हणाला, "सोमवारी बसू. चहा घेऊ. आणि हे बघ, गड्या, मी तुला कधी सही कर म्हणालो नव्हतो. सही तुझी आहे. मी तुझ्या भल्याचं सांगतोय, फोनवर कुणाशी काही बोलू नकोस." भल्याचंच सांगत होता तो. मर्व्हिनला त्याचा राग यावा असं वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण आला नाही.

या घरात त्याने आयुष्यभर कुणाच्याच कामावर पास म्हणून सही केली नव्हती. ग्लेनिस म्हणायची, "हे घर आहे, मर्व्ह, तुझं तपासणी टेबल नाही." चादरीची घडी, दाराचं बिजागर, पोराचं गणित, सगळ्यावर तो नजर फिरवायचा आणि नजरेला खोट सापडायचीच. डेल अकरा वर्षांचा असताना शाळेत सुतारकामाच्या तासाला त्याने एक स्टूल केलं होतं. आईसाठी. फुलझाडांना पाणी घालताना बसायला. बसमधून मांडीवर घेऊन आला, अंगणात ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. मर्व्हिनने स्टूल हातात घेतलं, चारही पाय बघितले आणि एका पायाच्या सांध्यावर तळहाताने दाब दिला. जोरात नव्हे, तपासायला द्यावा तेवढाच. सांधा निघाला. "बघ," तो म्हणाला होता, "इथे तुटलं ते बरं. तुझी आई बसल्यावर तुटलं असतं म्हणजे?" त्यात खोटं काय होतं? आजही त्याला त्यात खोटं काही सापडत नव्हतं, हीच तर पंचाईत. डेल रडला नाही. त्याने स्टूल आणि तो निघालेला पाय उचलून कचऱ्याच्या डब्यात घातले, झाकण नीट लावलं आणि आत गेला. ग्लेनिस त्या रात्री जेवायला बसली नाही. पुढे डेलने हाताने केलेली वस्तू बापाला कधी दाखवली नाही. शिकला, नोकरीला लागला, लांबची लांब नोकरी शोधून लागला. लग्न ठरलं तेव्हाही आईला आधी कळलं. आणि ग्लेनिस गेल्यावर तर रविवारी सकाळी दहाचा फोन उरला, तोही हवापाण्याचा. "किती अंश?" "चाळीस." "इथे छत्तीस." "बरं, ठेवतो."

आणि मग ती शिडी आली. डेलने रॉक्सबीला स्वतःचं घर घेतलं, आणि मर्व्हिन शिडी घेऊन गेला. गाडीतून उतरवताना डेल म्हणाला होता, "तपासून आणलीस की नाही?" बोलण्यात टोमणा होता, पण बारीकसा. "मीच पास केलीय," मर्व्हिन म्हणाला. डेल मोठ्याने हसला. "कर्स्टी, ऐकलंस का? बाबांनी पास केलेली वस्तू! जगात असल्या चारपाचच असतील. आता मी डोळे मिटून चढतो." बायकोला बोलावून दाखवली त्याने ती शिडी, जणू काही बक्षीस मिळालं होतं. चढून दाखवलं, वरच्या पायरीवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या. मर्व्हिन खाली उभा राहून बघत होता आणि त्याचे हात घामाने भिजले होते. त्याला वाटलं होतं, हे प्रेम असावं. असेलही. पण पंख्याखाली बसून, वायसरच्या पुडीवर नखाने रेघा ओढत, त्याला त्या प्रेमाच्या तळाशी असलेलं दुसरं काहीतरी आता दिसत होतं आणि एकदा दिसल्यावर झाकता येत नव्हतं. शिडी घ्यायला तो गोदामात गेला तेव्हा तिथे तीस शिड्या उभ्या होत्या. त्याने एकेक बाहेर काढून बिजागरीचा आकडा बघितला. एक नंबरची घेता आली असती, दोनची आली असती. त्याने दोन्ही बाजूंना चार असलेली शोधली. शोधून घेतली. कारण चार सोडून दुसरी घेतली असती, तर चार वाईट आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि मग त्या सहीचं काय? चार नंबर चांगला आहे. इतका चांगला की मी माझ्या पोराला देतो. गोदामात उभं राहून त्याने हे स्वतःला सांगितलं होतं आणि स्वतःला पटलंही होतं. तेव्हापासून रविवारच्या फोनला एक विषय मिळाला होता. "शिडी कशी आहे?" "छान आहे. छपराची पन्हळ साफ केली काल." "बिजागरीतून आवाज वगैरे?" "नाही रे बाबा. टिली बसते तिच्यावर, दुसऱ्या पायरीवर. पोपट बघायला." टिली त्याची नात, सहा वर्षांची. फोन पाच मिनिटांचे पंधरा मिनिटांचे झाले. डेल शिडीवरून रंगावर यायचा, रंगावरून घरावर, घरावरून पोरीवर. ईस्टरला ये म्हणाला होता. गेल्याच रविवारी म्हणाला होता.

साडेअकराला त्याने फोन लावला. कर्स्टीने उचलला. "मर्व्ह? आज शनिवार ना? बरे आहात ना तुम्ही?"

"डेल कुठे आहे?"

"वर आहे, छपरावर. कूलरचे पॅड धुतोय सकाळपासून. का हो?"

"कशावरून चढलाय?"

"कशावरून म्हणजे? शिडीवरून. तुमच्याच," कर्स्टी हसली. "उडत थोडाच जाणार आहे?"

"त्याला उतरू देऊ नकोस."

"काय?"

"ऐक माझं. त्याला वरच थांबायला सांग. शेजाऱ्यांची शिडी आण, कुणाचीही आण, पण..." पण कर्स्टीने ते ऐकलंच नव्हतं. ती अंगणात जाऊन ओरडत होती, "डेल! बाबांचा फोन! काहीतरी झालंय बहुतेक, लवकर ये!" आणि मर्व्हिनला पत्र्यावरची पावलं ऐकू आली, मग बुटाचा शिडीवरचा पहिला ठोका. त्याने जन्मभर वस्तूंवर वजनं टाकून आवाज ऐकले होते. चांगला आवाज कसा, वाईट कसा, त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने डोळे मिटले आणि मोजले. सहा, सात. मग जमिनीचा आवाज आला.

"काय झालं, म्हाताऱ्या?" डेलला धाप लागली होती. "घाबरवलंस की कर्स्टीला."

"त्या शिडीवर पुन्हा चढू नकोस."

"का बरं?"

"बिजागरी कच्ची आहे."

डेल हसायला लागला, अगदी मोकळं. "आली का वेळ! मी कर्स्टीला म्हणतच होतो, चौदा महिने झाले, बाबांनी अजून खोट कशी काढली नाही. अरे, जन्मात एक वस्तू दिलीस जिच्यात खोट नव्हती, तीही तुला सहन होईना? एक पॅड राहिलाय माझा. तो बसवतो आणि मग सावकाश ऐकतो तुझं."

"डेल, चढू नकोस. इथे एक माणूस पडला. मनगट मोडलं त्याचं."

"कशी ठेवली होती?"

"हिरवळीवर."

"झालं तर मग. माझ्याकडे हिरवळ कुठाय? गवताची काडी दाखव मला रॉक्सबीत. ठेवू का?"

"दोन्ही बाजूंना चार नंबर आहे," मर्व्हिन घाईघाईने म्हणाला. "आतल्या अंगाला बघ. दोन्हीकडे चार आकडा उठलेला असेल. तो साचा बिघडलेला होता."

पावलं दूर गेली, परत आली. "आहे," डेल म्हणाला. "दोन्हीकडे चार." आणि मग, हसणं आवाजात अजून थोडं शिल्लक असताना, "पण तुला तिथून कसं दिसलं?"

अंदाजाने म्हणालो, असं सांगता आलं असतं. सगळ्याच शिड्यांवर चार असतो, हेही चाललं असतं. डेलला साच्यातलं काय कळतंय? खोटं जिभेवर तयार होतं. सकाळी एकदा बोलून जीभ तेवढी सरावली होती. पण तसं सांगितलं की पोरगा 'बरं बरं' म्हणणार, फोन ठेवणार आणि तो राहिलेला एक पॅड बसवायला चढणार. मर्व्हिनला हे स्वच्छ दिसलं. खरं सांगितलं तर चढणार नाही. खरं सांगितलं तर आणखी काय होणार तेही त्याला स्वच्छ दिसलं.

"मी निवडून घेतली होती," तो म्हणाला. "तीस शिड्यांतून."

पलीकडे कर्स्टी डेलला काहीतरी विचारत होती.

"सुकी तपासली तेव्हा फुटत होती. मग उकळून तपासली, तेव्हा टिकली. मी सही केली. चुकीची नव्हती तशी, कागदाप्रमाणे होती. पण मला खात्री हवी होती."

"खात्री."

"हो."

"टिली चढते रे तिच्यावर," डेल हळूच म्हणाला. "रोज चढते." मागे वारा ऐकू येत होता, तिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. "आणि तुझ्याच घरी का नाही ठेवलीस? स्वतः चढायचं. इथेच का आणलीस?"

याचं उत्तर त्याला द्यायचं नव्हतं. पण आज तो विचारल्या प्रश्नाला उत्तर देत सुटला होता आणि आता थांबायचं कुठे ते त्याला कळेना. "अ‍ॅडलेडला समुद्राची हवा," तो म्हणाला. "इथे ती पाणी पिते आणि टिकते. माझ्या ओळखीत सगळ्यात कोरडी हवा तुझ्याकडे होती."

"म्हणून दर रविवारी विचारायचास."

"फक्त म्हणून नाही, डेल."

"मी कर्स्टीला सांगायचो, आई गेल्यापासून म्हातारा सुधारला. शिडीचं निमित्त करून बोलतो म्हटलं." डेलचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मर्व्हिनला धरायला काहीतरी मिळालं असतं. "बाकीच्यांना कोण फोन करतंय? ज्यांनी दुकानातून घेतल्या त्यांना?"

"सोमवारी लिहून देणार आहे. सरकारी ऑफिसला."

"आज शनिवार आहे."

"हो."

"शिडी मी कापून टाकतो आत्ता. त्याची काळजी करू नकोस. आणि ईस्टरचं राहू दे."

"डेल, ऐक..."

"थांब, तू लिहून घे. कागद आहे ना जवळ? तुझ्याजवळ असतोच. चौदा महिने. पंचेचाळीस अंशापर्यंत ऊन. एक माणूस, एक बाई, एक सहा वर्षांची पोर. तुटली नाही." तो थांबला. खरोखरच कुणी लिहून घेत असेल तर त्याला वेळ द्यावा, इतका थांबला. "लिहिलंस?"

"नाही," मर्व्हिन म्हणाला. पण तोवर पलीकडे कोणी नव्हतं.